न दुखणारी गाठ

डोंबिवलीच्या ७८ वर्षांच्या एक आजी गुडघ्यांसाठी आल्या होत्या. निघताना सुनेने सहज विचारले, "डॉक्टर, आईंच्या कपाळावरची ही गाठ बघता का? गणपतीत हरभऱ्याएवढी होती." दिवाळी तोंडावर आली होती आणि गाठ सुपारीएवढी, लालसर-जांभळी, चकचकीत झाली होती. दुखत नव्हती, म्हणूनच घरात कोणी मनावर घेतले नव्हते. गाठ काढू द्यायला आजी तयार होत्या. ती तपासणीला पाठवायला मात्र नाही. "काढून टाकली ना? मग उगाच खर्च कशाला?" मी हट्ट सोडला नाही.

अहवालात मर्केल पेशींचा कर्करोग निघाला. हा आजार अत्यंत दुर्मीळ आहे. बहुधा उतारवयात, उन्हात उघड्या राहणाऱ्या त्वचेवर होतो आणि झपाट्याने पसरतो.

त्याचे निदान सोपे नाही. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात त्या लहान, गोल, गडद निळ्या पेशी. लिम्फोमाच्याही पुष्कळशा तशाच. सिरिल टोकर यांनी १९७२ साली या आजाराचे वर्णन केले, तेव्हा त्याचे कूळ उमगले नव्हते. १९७८ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून या पेशींत घनगर्भ कण दिसले. एकेक कण मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढा! असे कण चेता-अंतःस्रावी पेशींत असतात, लिम्फोमात नसतात. आपल्याकडे परळच्या कर्करोग संशोधन संस्थेत डॉ. सत्यवती सिरसाट यांनी याच यंत्राने कर्कपेशींचा अभ्यास केला, हे आवर्जून सांगावेसे वाटते.

आज हे यंत्र क्वचितच लागते. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीत 'सीके-२०' या प्रथिनाचा ठिपका केंद्रकालगत उमटला की निदानाला बळ मिळते. फुप्फुसातून आलेली गाठ वगळण्यासाठी 'टीटीएफ-१' पाहतात. पेच उरलाच, तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आहेच. पण त्यासाठी तुकडा ग्लुटाराल्डिहाइडमध्ये ठेवणे उत्तम. नेहमीच्या फॉर्मॅलिनमध्ये बारकावे काहीसे पुसट होतात. म्हणून शंका असल्यास शस्त्रक्रियेआधीच पॅथॉलॉजिस्टशी बोललेले बरे. आणि काढलेली कोणतीही गाठ कचऱ्यात जाता कामा नये, मग ती चरबीची वाटो की केसतोडाची.

आजींच्या मानेतील लसिकाग्रंथी सुदैवाने स्वच्छ निघाल्या. परळला पुन्हा शस्त्रक्रिया झाली, मग किरणोपचार. आता सून दर महिन्याला त्यांच्या कानापुढे आणि मानेवर बोटे फिरवून पाहते. गुडघ्यांची तक्रार मात्र तशीच आहे.