पंचवीस यार्डांचा शिष्टाचार

मोटारसायकलवर बसणाऱ्याला काच नसते. मोटारीतून जंगल पाहणारा आणि मोटारसायकलवरून पाहणारा यांच्यात एवढाच फरक. पण तो किती मोठा आहे, हे मला अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात कळले. भाचा चालवत होता आणि मी मागच्या सीटवर होतो.

१८७२ साली स्थापन झालेले हे जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान. विस्तार सुमारे नऊ हजार चौरस किलोमीटर. सहा लाखांहून अधिक वर्षांपूर्वी इथे महाभयंकर स्फोट झाला, जमीन खचली आणि प्रचंड खळगा तयार झाला. खालची धग अजून शिल्लक आहे. म्हणून तर इथे गरम पाण्याचे झरे, कारंजी, वाफेची छिद्रे आणि रटरटणारी चिखलाची कुंडे मिळून दहा हजारांहून अधिक ठिकाणे आहेत. आपला सह्याद्रीही लाव्हारसाचाच, पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आपली चूल केव्हाच विझली. इथली पेटलेली आहे. मोटारसायकलवर हे डोळ्यांआधी नाकाला कळते. गंधकाचा उग्र दर्प येतो, रस्त्यावर वाफेचा पडदा येतो आणि जून महिना असूनही बोटे गारठतात.

हेडन खोऱ्यात वाहतूक थांबली. गव्यासारखे धिप्पाड, दाढीवाले बायसन रस्ता ओलांडत होते. पूर्ण वाढलेला नर नऊशे किलोपर्यंत भरतो आणि धावू लागला तर ताशी पन्नास किलोमीटरहून अधिक वेग घेतो. मोटारीतल्या मंडळींनी काचा वर केल्या. आम्ही काय वर करणार? भाच्याने बरेच अंतर राखून इंजिन बंद केले. ‘मामा, हॉर्न नाही, आवाज नाही. नुसतं बसायचं,’ तो हळूच म्हणाला. कळप वीसेक मिनिटांनी गेला. एवढा वेळ गप्प बसण्याचा प्रसंग माझ्यावर फार दिवसांनी आला होता. भीती वाटली हे खरे. पण त्या भीतीतच एक अदब होती. हे घर त्यांचे आहे, आपण पाहुणे आहोत, हे कोणी न सांगता समजले.

इथला नियम साधा आहे. बायसन आणि हरणांपासून किमान पंचवीस यार्ड, म्हणजे तेवीस मीटर, दूर राहायचे. अस्वल आणि लांडग्यांपासून शंभर यार्ड. नियम माणसाच्या जिवासाठी आहे, तसाच प्राण्याच्याही. २०१६ साली काही पर्यटकांनी एक बायसनचे पिल्लू थंडीने कुडकुडत असेल या कळवळ्याने उचलून गाडीत घातले. पुढे ते कळपात सोडण्याचे प्रयत्न झाले, पण कळपाने ते स्वीकारले नाही. माणसांच्या आणि गाड्यांच्या मागे लागणाऱ्या त्या पिल्लाला अखेर मारावे लागले. प्रेम होते, अंतर नव्हते. त्याची किंमत पिल्लाने दिली.

अमेरिकन माणूस मुळातच शिस्तीचा, असे म्हणून आपण हात झटकू नयेत. याच उद्यानात एके काळी रस्त्याच्या कडेला अस्वले गाड्यांच्या खिडक्यांशी उभी राहून खाऊ मागत आणि लोक हौसेने तो देत. हॉटेलांच्या उकिरड्यावर जमणारी अस्वले पाहायला गर्दी होई. १९३१ ते १९६९ या काळात अस्वलांमुळे वर्षाला सरासरी ४८ माणसे जखमी होत. खाऊ न घालण्याचा नियम १९०२ सालापासून होता. त्याची खरी अंमलबजावणी १९७० साली सुरू झाली. उकिरडे बंद केले गेले. हे वळण सोपे नव्हते. माणसाच्या अन्नाला सोकावलेली कितीतरी अस्वले त्या वर्षांत मारली गेली. पण नवी पिढी रानातलेच खाऊन वाढली आणि आज तिथे रस्त्यावर भीक मागणारे अस्वल दिसत नाही.

हे वाचताना आपले घाट आठवतात. ‘माकडांना खाऊ घालू नका’ ही पाटी आणि तिच्याच खाली बिस्किटांचा पुडा फोडणारे कुटुंब. मुलांना मौज वाटते, आईवडिलांना पुण्य केल्यासारखे वाटते. पुढे तेच माकड कोणाच्या तरी हातातली पिशवी ओढते, चावते, आणि मग ‘माकडे फार माजली’ असे आपणच म्हणतो. पाटी आपल्याकडेही आहे; आपण अजून १९७० सालाच्या अलीकडे उभे आहोत, इतकेच.

याचा अर्थ आपल्या जंगलांत मोटारसायकली सोडाव्यात असा नाही. व्याघ्रप्रकल्पांच्या सफारीत दुचाकीला मज्जाव असतो, तो योग्यच आहे. म्हणणे एवढेच, की काचेआड बसलो तरी काच नसल्यासारखे वागावे. पुढच्या सुट्टीत घाटात गाडी थांबवाल तेव्हा पुडा पिशवीतच राहू द्या आणि मुलांना दुरून पाहायला शिकवा. तेवीस मीटर म्हणजे फार नव्हे. मोठ्या माणसाची तीसेक पावले.