खोंग, हु आणि आपलं शून्य

व्हिएतनामी माणूस म्हणे प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी 'शून्य' म्हणतो, म्हणजे ताओ मताचं आदिम रितेपण त्याच्या जिभेवरच नांदतं! असलं कौतुक वाचलं की माझं डोकं उठतं. आपले काका-मामा तर आणखी पुढे.. शून्य आपलं, म्हणजे लाओत्झूही आपलाच. वा रे वा!

तो प्रश्नाच्या शेवटचा शब्द 'खोंग', चिनी 'कोंग'वरून आलेला. रिकामं, शून्य हा आकडा, 'नाही', 'बिन', सगळं त्यातच. बिनसाखरेची कॉफी म्हणजे 'काफे खोंग दुओंग'. 'आन कॉम खोंग?' म्हणजे जेवणार का? आपणही 'जेवणार ना?' विचारतोच की. त्या 'ना'मध्ये कुणी नेति नेति शोधत बसत नाही.

शिवाय लाओत्झूचा मुख्य शब्द 'कोंग' नव्हेच. त्याचे शब्द 'वू' आणि 'शू', व्हिएतनामीत 'वो' आणि 'हु'. चाकाचा तुंबा पोकळ म्हणून चाक चालतं, मडकं आतून रितं म्हणून त्यात काही मावतं. हे रितेपण कामाचं आहे, असणं नसण्यातूनच येतं. पुढे वांग बी (२२६-२४९) या भाष्यकाराने 'वू'ला सगळ्याच्या मुळाशी नेऊन बसवलं.

'कोंग'ला तत्त्वज्ञानाचं वजन आलं ते बौद्धांमुळे. कुमारजीव ४०१ साली चांगआनला पोचला आणि त्याच्या भाषांतरांतून शून्यतेसाठी 'कोंग' पक्का झाला. त्याआधी 'वू'वरही काम भागवलं जाई, घोळ तिथलाच. नागार्जुनाची शून्यता म्हणजे मडक्याचं पोट नव्हे. मडक्याला स्वतःचा असा स्वभावच नाही, हे त्याचं म्हणणं. त्यातून जग वगैरे काही जन्मत नाही. दोन्ही 'एकच' म्हणणाऱ्याने दोघांपैकी एकालाही नीट वाचलेलं नाही.

खरी गंमत मला 'हु'ची वाटते. जोडशब्दात 'हु-वो' म्हणजे थेट शून्यवत्, काही नसणं. पण घरात 'हु' म्हणजे वाया गेलेलं, न ऐकणारं पोर! आणि दक्षिणेकडे बंद पडलेली स्कूटरसुद्धा 'हु'. लाओत्झूने डोक्यावर घेतलेला शब्द सायगावच्या गॅरेजात चक्क बिघाड झाला.

तेव्हा मंडळी, ते ढकलपत्र पुन्हा आलं तर मला पाठवण्याआधी त्या गॅरेजवाल्याला एकदा विचारा.