गाणं कुठलं?

वर्षभर एकच प्रश्न कानावर आदळत राहिला: "त्यांचं गाजलेलं गाणं कुठलं?" कुठल्याही संगीतकाराचं नाव काढा, समोरचा हेच विचारतो. गाणं सांगता आलं तर माणूस मोठा, नाही तर विषय संपला. कापणीतला पाऊस, कुंभार्ली घाटाचा रस्ता, ओस पडणाऱ्या वाड्या यांवर आत लेख आहेत, ते तुम्ही वाचालच. ही जागा आम्ही या प्रश्नासाठी राखली, कारण त्यापायी भास्कर चंदावरकरांसारखा माणूस आपल्या आठवणीतून निसटतो आहे.

चंदावरकर (1936–2009) रविशंकरांकडे सतार शिकले, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी वर्षानुवर्षे संगीत शिकवलं. गाणंच हवं असेल तर 'सामना'तली आरती प्रभूंची रचना सांगता येईल. पण कुमार शहानींच्या 'माया दर्पण'चं काय? 'श्वास'चं काय? कोकणातल्या आजोबा-नातवाची ती गोष्ट आपण डोळे पुसत पाहिली. तिचं संगीत चंदावरकरांचं होतं, हे किती जणांना ठाऊक आहे? प्रसंगाला कुठे सूर हवा आणि कुठे नुसती शांतता, हे ठरवणं म्हणजेसुद्धा संगीत रचणं.

आणि 'घाशीराम कोतवाल'! पहिला प्रयोग पुण्यात, 16 डिसेंबर 1972 ला. तेंडुलकरांची संहिता, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना. माणसांची रांग हीच भिंत, तोच पडदा, तीच गाणारी मंडळी. ती रांग डुलते, गाते, फुटते आणि तिच्याआड नको ते घडत राहतं. कीर्तन, लावणी, सगळं आपल्या ओळखीचंच. पण चंदावरकरांनी ते असं शेजारी शेजारी ठेवलं की देवाचं नाव ऐकून अंगावर काटा यावा. मूळ संस्थेने 19 प्रयोगांनंतर नाटक थांबवलं. कलावंतांनी 1973 मध्ये थिएटर ॲकॅडमी उभी केली आणि 1980 मध्ये हे नाटक युरोपात नेलं.

पोफळीच्या वाचकाला त्या रांगेची ओळख करून द्यायला नको. आपल्या नमन-खेळ्यांत मागे ओळीने उभे राहून झील धरणारे वेगळं काय करतात? गवळण होते, संकासुर येतो, वगातला राजा येतो. मृदंग आणि झील सगळ्यांना धरून ठेवतात. पुण्यामुंबईत ज्याला प्रयोग म्हणून दाद मिळाली, त्याचं गोत आपल्या अंगणातलं आहे. तरी नमनाच्या मृदंगवाल्याला संगीतकार म्हणायला आपली जीभ रेटत नाही. याचा आम्हाला मनापासून राग येतो.

यंदाच्या अंकाचा विषय 'वीज'. डोंगराच्या पोटातलं आपलं कोयनेचं वीजघर रस्त्यावरून दिसत नाही, पण दिवे त्याच्यावर लागतात. चंदावरकरांचं आणि मृदंगवाल्यांचं कामही तसंच.

नमनाच्या बॅनरवर पुढाऱ्यांचे फोटो मावतात, मृदंगवाल्याचं नाव मावत नाही. येत्या शिमग्याला मंडळांनी ते छापावं, पुढाऱ्यांच्या आधी. आम्ही सुरुवात केली आहे: पान उलटलंत की खोऱ्यातल्या मृदंगवाल्यांची आणि झीलकऱ्यांची नावं आहेत, वाडीसकट.