रुसलेली बटणं? जरा कळ सोसा!

मामाच्या माळ्यावरून जुना कॉम्प्युटर खाली उतरला, की घरात दोन पक्ष पडतात. आजी म्हणते, "भंगारवाल्याला देऊन टाका." तुम्ही म्हणता, "स्क्रू-ड्रायव्हर कुठंय?" दोघांनीही थांबा बरं!

समजा, तो 1982 सालचा झेडएक्स स्पेक्ट्रम आहे. (त्याचा धाकटा भाऊ स्पेक्ट्रम प्लस आपल्याकडेही विकला जायचा.) चालू तर होतो, पण काही रबरी बटणं दाबली तरी पडद्यावर ढिम्म काही उमटत नाही. आधी वहीत चाळीसही बटणांचं चित्र काढा. एकेक दाबून पाहा आणि मुक्या बटणावर फुली मारा. अर्धा गुन्हा इथंच उघडकीला येतो!

गंमत अशी, की बटणं 40, पण कीबोर्डकडून येणाऱ्या तारा फक्त 13. एका पट्टीत 8, दुसरीत 5. आठांतली एक आणि पाचांतली एक, अशी प्रत्येक बटणाची जोडी ठरलेली. आठ पंचे चाळीस! रबराखाली प्लास्टिकचे पातळ पापुद्रे असतात. बटण दाबलं, की वरच्या पापुद्र्यावरची रेघ खालच्या रेघेला टेकते आणि कॉम्प्युटरला जोडी कळते.

आता फुल्या बघा. क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी ही शेजारची पाच बटणं एकदम गेली? मग रुंद पट्टीतली एक तार तुटली असणार. 1, 0, क्यू, पी, ए, एंटर, कॅप्स शिफ्ट आणि स्पेस, म्हणजे प्रत्येक ओळीची दोन्ही टोकं गेली? मग अरुंद पट्टीतली. एकच बटण मुकं असेल, तर त्याच्याच खाली कचरा नाहीतर झीज.

पट्ट्या वयोमानानं कडक होतात आणि सॉकेटजवळ तडकतात. म्हणून अॅडॉप्टर भिंतीतून काढून, मोठं माणूस जवळ ठेवूनच खालचे पाच स्क्रू सोडवा. झाकण हिसकलंत, तर धड पट्टीही फाटेल! या पट्ट्याच झाकणाला बोर्डाशी जोडतात. तडा अगदी टोकाला असेल, तर तेवढाच तुकडा सरळ कापून पट्टी पुन्हा बसवता येते. पण पट्टी मुळात आखूड, हा उपाय पुन्हा पुन्हा चालत नाही. नवे पापुद्रे आजही बनतात, ते घेणं शहाणपणाचं. पट्टी धडधाकट निघाली, तर दोष बोर्डावर. तिथं जाणकाराला बोलवा, उगाच डिंक-सेलोटेप नको!

आता तुमची पाळी. वाय, यू, आय, ओ, पी आणि शिवाय 1, 0, क्यू, ए, एंटर, कॅप्स शिफ्ट, स्पेस अशी बारा बटणं मुकी आहेत. तारा किती तुटल्या आणि कोणत्या पट्टीतल्या? उत्तर पुढच्या अंकात.