पडत्या फळाची आज्ञा

‘पडत्या फळाची आज्ञा’ हा वाक्प्रचार आपल्या जिभेवर आहे. परंतु ते फळ पडते कसे, हे स्वतः पाहण्याची आज्ञा आमच्या शाळांतून किती मुलांना मिळते?

जोयडा तालुक्यातल्या मुलांच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच टोचतो. काळी नदीवरील १०१ मीटर उंचीचे सुपा धरण याच तालुक्यात आहे. जुने सुपे गाव त्याच्या जलाशयात बुडाले. उंचावरून खाली येणारे पाणी चक्रे फिरवते आणि दूरदूरची शहरे उजळतात. गुरुत्वाकर्षणाचे एवढे मोठे प्रात्यक्षिक ज्याच्या दाराशी, त्या विद्यार्थ्याने ‘९.८’ हा आकडा केवळ परीक्षेपुरता घोकावा, हे दुर्दैव नव्हे काय?

जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा आधी पडते, ही समजूत ॲरिस्टॉटलच्या नावावर जवळजवळ दोन हजार वर्षे टिकली. गॅलिलिओने उतरत्या फळीवरून गोळे सोडून काळ मोजला, तेव्हा ती ढासळली. १९७१ साली चंद्रावर, जेथे हवाच नाही, अंतराळवीर डेव्हिड स्कॉट याने हातोडा आणि पीस एकदम सोडले. दोन्ही एकाच क्षणी टेकले. पृथ्वी वस्तूंना आपल्याकडे ओढते, असे भास्कराचार्यांनी ११५० मधील ‘सिद्धान्तशिरोमणी’त सांगितले होते. त्याचा अभिमान अवश्य बाळगावा. पण पूर्वजांनी सांगितले म्हणून आपण पाहायचे नाही, हा अभिमान नव्हे, आळस आहे.

प्रयोगशाळा नाही, ही सबब येथे चालणार नाही. एक लहान आणि एक मोठा दगड एकदम सोडावा. कागद आधी पसरून, मग चुरगळून नाण्याबरोबर टाकावा. हवेचा अडथळा म्हणजे काय, ते मुलांना आपोआप कळेल. वीस मीटर उंचीच्या माडावरून सुटलेला नारळ सुमारे दोन सेकंदांत जमिनीवर येतो, तेव्हा त्याचा वेग ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास असतो. माडाखाली बसू नको, असे आजी का सांगते, याचे उत्तर या गणितात आहे.

आधी अंदाज, मग प्रयोग आणि शेवटी सूत्र, हा क्रम शिक्षकांनी धरावा. वडीलधाऱ्यांचे म्हणणेही पारखून पाहता येते, हे ज्या मुलाला पंधराव्या वर्षी उमगले, तो उद्या पुढाऱ्याचे आणि वर्तमानपत्राचे म्हणणेही पारखून घेईल. स्वराज्याला असेच नागरिक हवे आहेत.