जुन्या गाडीची चमक आणि लपलेला गंज

पद्मिनीचे उत्पादन थांबून दोन दशके उलटली, अॅम्बॅसॅडरचे २०१४ मध्ये थांबले. तरीही काही घरांच्या दारात यांतली एखादी गाडी अजून जपलेली दिसते. रविवारी सकाळी तिचा बंपर घासण्याचा उत्साह दांडगा असतो आणि पुष्कळदा तोच बंपरच्या मुळावर येतो.

बंपरची चमक क्रोमियमच्या अतिशय पातळ थराची. त्याखाली निकेल, त्याखाली पोलाद. बारीक छिद्रांतून पाणी पोलादापर्यंत पोहोचले की तपकिरी ठिपके उठतात. तारेच्या घासणीने ठिपका जातो, पण थरही ओरखडतो आणि गंजाला आणखी वाट मिळते. संडास साफ करण्याचे अॅसिड तर मुळीच वापरू नये. ते क्रोमियमच विरघळवते. त्याऐवजी पोळ्या गुंडाळायच्या अॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवावा. अॅल्युमिनियम क्रोमियमपेक्षा मऊ असते. मग भाग धुऊन, कोरडा करून मेणाचे पॉलिश लावावे. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत हे वरचेवर करावे लागते. पापुद्रे सुटलेच असतील तर पुन्हा प्लेटिंग करण्यावाचून गत्यंतर नाही.

अर्थात गंजलेल्या बंपरमुळे गाडी फक्त वाईट दिसते. जिवावर बेततो तो न दिसणारा गंज. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी छिद्रे असतात. ती माती-पानांनी बुजली की पाणी आत साचते व पत्रा आतून कुजतो. बाहेर रंगाला फुगे येईपर्यंत बराचसा पत्रा गेलेला असतो. पावसाळ्याआधी आणि मधूनमधून ही छिद्रे लाकडी काडीने मोकळी करावीत. पायाखालच्या चटयाही उचलून बघाव्यात. तळाचा पत्रा कुजला तर सीट आणि तिचा पट्टा ज्याला बांधलेले असतात, त्याचाच भरवसा उरत नाही.

गाडीखाली जळके इंजिन ऑइल फवारण्याची जुनी पद्धत मात्र सोडलेली बरी. तेलाने रबराचे बुश फुगतात आणि ब्रेकच्या ड्रममध्ये ते शिरले तर ऐनवेळी ब्रेक लागत नाही. गॅरेजमध्ये अंडरकोटिंग करून घ्यावे; पण आधी गंज खरवडून प्रायमर लावला जातो की नाही, हे समोर उभे राहून पाहावे. गंजावरच काळा थर चढवला तर खाली पत्रा खाल्ला जात राहतो आणि वरून काहीच कळत नाही.