जिंकणाऱ्यांनीही टाळी वाजवली नाही

कबड्डीचा सामना एका गुणाने सुटला की एरवी मैदान जागेवर राहत नाही. पोरं दोरी ओलांडून आत घुसतात, शेवटची चढाई मारणाऱ्याला खांद्यावर घेतात, ताशेवाला कुणाच्या सांगण्याची वाट बघत नाही. गेल्या आठवड्यात मी पाहिलेला सामना १७-१६ असा सुटला. पंचांची शेवटची शिट्टी झाली आणि माणसं शाली झटकून उठली. हरलेल्या गावाने शिव्या घातल्या त्या स्वतःच्याच पोरांना. जिंकलेल्या गावाने टाळीसुद्धा वाजवली नाही.

खाडीच्या अलीकडचं एक गाव, पलीकडचं एक. पूर्वी मध्ये तर चालायची, आता पूल झाला. नावं लिहीत नाही, कारण त्या रात्री जे झालं ते आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या कुठल्याही दोन शेजारगावांत होऊ शकतं आणि होतंही. इकडच्या लेकी तिकडे दिलेल्या, तिकडच्या इकडे आणलेल्या. डाव्या कोपऱ्यात उभा असलेला रक्षक आणि त्याच्या अंगावर येणारा चढाईपटू हे सख्खे आते-मामेभाऊ. बाकीच्या स्पर्धांना पैसे मोजून पाहुणे खेळाडू आणतात, पण या सामन्याला तसं चालत नाही. इथे गावची सात पोरंच उतरतात. मुंबईत कामाला असलेला पोरगा त्यासाठी रजा टाकतो, तुतारी एक्स्प्रेसने रात्रभर उभा राहून येतो.

मैदानही तसंच राबून केलेलं. माती चाळून पसरलेली, पाणी मारून चोपण्याने चोपलेली, दोरी धरून फक्कीच्या रेषा मारलेल्या. बायकांसाठी एका अंगाला ताडपत्र्या अंथरलेल्या. मी तिथेच बसले होते.

आणि अशा मैदानावर काय पाहिलं? चढाईपटू निघतो, मध्यरेषा ओलांडतो, निदानरेषा पार करून जेमतेम पाय टेकवतो आणि मागे येऊन उभा राहतो. तोंडाने ‘कबड्डी कबड्डी’ चालू, पाय जागच्या जागी. समोरच्यांनी एकमेकांचे हात धरलेले, साखळी मागच्या रेषेला चिकटलेली. झडप घालायला कुणी पुढे येत नाही. तीस सेकंद संपत आले की हा वळतो. मग समोरचा येतो आणि हुबेहूब तेच करतो. मधूनच कुणाची गुडघ्याची पट्टी सुटते, कुणाला पाणी लागतं. पाय रेषेच्या आत होता की बाहेर, यावरून आधी कप्तान, मग राखीव खेळाडू, मग मंडळाचे पदाधिकारी पंचांभोवती कोंडाळं करतात. शेवटची पाच मिनिटं तर संपता संपेनात. माझ्या शेजारची आजी शेवटी ओरडली, “मेल्यांनो, हात तरी लावा कुणाला!” तिचा नातूच खेळत होता.

सुटताना गावातले एक जुने खेळाडू भेटले. गिरणीत नोकरी, लालबागच्या मंडळाकडून उमेदीची वर्षं खेळलेले. म्हणाले, “बाय, हरले आस्ते तरी चाललं आस्तं. पन खेळायला पायजे होतं.” त्या रात्री पुलावरून चालत जाणाऱ्या प्रत्येकाच्या मनात हेच होतं, दोन्ही गावांच्या.

कमी गुण झाले म्हणून ही माणसं चिडली, असं कुणी समजू नये. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामाचा अंतिम सामना झाला. अस्लम इनामदारच्या पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. प्रो कबड्डीच्या हिशेबात हे गुण कमीच. तरी आपल्याकडे घराघरांत माणसं टीव्हीपुढून हलली नाहीत, कारण तिथे प्रत्येक गुण कुणीतरी धोका पत्करून मिळवत होतं. पकडीवर पकड बसत होती, आणि पलटणच्या पंकज मोहितेची अव्वल चढाई आली तेव्हा सामना कुठे कलतोय ते डोळ्यांना दिसत होतं. बचावाची लढत आणि वेळकाढूपणा यांतला फरक आपल्या प्रेक्षकाला नीट कळतो. त्याला कबड्डी कुणी शिकवावी लागत नाही.

मग आपल्या घरच्या सामन्यातच पोरं अशी का गोठतात? एकच कारण आहे, भीती. लांबच्या संघाकडून हरलं तर चार दिवसांत विसरायला होतं. शेजारच्या गावाकडून हरलं की ते एसटीच्या थांब्यावर ऐकावं लागतं, बाजारात ऐकावं लागतं, लग्नाच्या पंगतीत मेहुणा वाढता वाढता ऐकवतो. म्हणून सामन्याआधी पोरांना गोलात उभं करून एकच गोष्ट सांगितली जाते: चूक करू नका. गुण घ्या, असं सांगणारा त्या गोलात कुणी नसतो. दोन्हीकडच्या चौदा पोरांच्या डोक्यात ‘चूक नको’ एवढंच असेल तर तिथे खेळ उभाच राहत नाही.

यावर नियम नाही असंही नाही. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण घ्यायचाच, नाहीतर चढाईपटू बाद. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा हा नियम ठळकपणे पुढे आला, आणि आता आपल्याकडे गावोगावचे निवेदकही ‘थर्ड रेड’ म्हणून माईकवर ओरडतात. हेतू उघड होता, वेळकाढूपणा संपवायचा. संघांनी मात्र त्यातूनही वाट काढली. पहिल्या दोन चढाया नुसत्या घालवायच्या आणि तिसरीला काय ते करायचं. ‘तिसऱ्या चढाईवर खेळणं’ हा शब्दप्रयोग आता वर्तमानपत्रांतल्या सामन्यांच्या बातम्यांतही रुळला आहे.

जरा हिशेब मांडून बघा. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, म्हणजे चाळीस मिनिटं. तीस सेकंदांची एक चढाई धरली तर दोन्ही संघांच्या मिळून ऐंशी. त्यांतल्या दर तीनपैकी दोन रिकाम्या गेल्या, तर खऱ्या उरतात जेमतेम सव्वीस-सत्तावीस. म्हणजे चाळीस मिनिटांच्या सामन्यात खेळ तेरा-चौदा मिनिटांचा. उरलेला वेळ थंडीत बसलेल्या माणसांनी दोन पोरांची ये-जा पाहायची. प्रेक्षक चिडतो तो या हिशेबावर, आणि त्याचा हिशेब बरोबर आहे.

प्रेक्षकांच्या अशा रागातून खेळ सुधारल्याचं मोठं उदाहरण अमेरिकेत बास्केटबॉलमध्ये आहे. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन पिस्टन्सने मिनिआपोलिस लेकर्सला १९-१८ असं हरवलं. लेकर्सकडे जॉर्ज मायकन हा उंच, दणकट खेळाडू होता. त्याच्या हाती चेंडू लागू नये म्हणून फोर्ट वेनची माणसं चेंडू नुसता धरून उभी राहिली. शेवटच्या पावभागात दोन्ही संघांचे मिळून चार गुण झाले. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. पुढे १९५४ मध्ये चोवीस सेकंदांचा नियम आला: तेवढ्या वेळात चेंडू बास्केटकडे टाकायचाच. हा आकडाही हिशेबातून काढलेला होता. सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बायसोन यांनी पाहिलं की चांगल्या रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० वेळा चेंडू टाकतात. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २८८० सेकंदांचा. भागाकार केला, चोवीस आले. फुटबॉलनेही १९९२ मध्ये गोलरक्षकाला मागे पास देऊन वेळ काढण्याला आळा घातला. रग्बीत २०२३ पासून पेनल्टी किक मारणाऱ्याला साठ सेकंदांचं घड्याळ लावलं. कुठल्याही खेळाने आपल्या प्रेक्षकाला ‘तुला कळत नाही, गप्प बस’ असं सांगून प्रगती केलेली नाही.

दुसरं दुखणं सामना थांबण्याचं. त्यात एकट्या गावठी स्पर्धेला दोष देऊन भागणार नाही. ७ ऑक्टोबर २०२३, हांगझोऊ, आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना, भारत विरुद्ध इराण. २८-२८ अशी बरोबरी आणि मिनिटभराचा खेळ उरलेला. भारताचा पवन सेहरावत तिसऱ्या चढाईला गेला, कुणालाही स्पर्श न करता कडेच्या पट्टीत, म्हणजे लॉबीत गेला आणि त्याच्यामागून इराणचे रक्षकही लॉबीत उतरले. आता लॉबीचा जुना नियम लावायचा की नवा? एका नियमाने भारताच्या पदरात गुणांची रास पडत होती, दुसऱ्याने फक्त इराणला एक गुण मिळत होता. पंचांचा निर्णय बदलला, पुन्हा बदलला, दोन्ही संघ मैदानात बसून राहिले आणि सामना तासभराच्या आसपास थांबला. शेवटी भारत ३३-२९ असा जिंकला. सोनं मिळालं याचा आनंद मला आजही आहे. पण त्या तासाभरात मन विटलं तेही खरं. नियम कोणता हे सामन्याआधी ठरलेलं नसेल तर आशियाच्या अंतिम सामन्याचीही गत खाडीकाठच्या सामन्यासारखीच होते.

म्हणून मंडळांना माझं सांगणं आहे, आणि ते कळकळीने आहे. पहिलं, नियम छापा. एका कागदावर, मराठीत. लॉबीचं काय, तिसऱ्या चढाईचं काय, बरोबरी झाली तर पाच-पाच चढाया कशा. सामन्याआधी दोन्ही कप्तानांच्या सह्या घ्या. दुसरं, घड्याळ सगळ्यांना दिसेल असं लावा. तीस सेकंद टेबलावरच्या एकाच माणसाच्या मनगटावर असले की संशय येणारच. तिसरं, गुणफलकावर रिकाम्या चढायाही मांडा. चौथं, पंच तालुक्याबाहेरचे बोलवा. कबड्डीत ताकिदीला हिरवं कार्ड आहे, दोन मिनिटं बाहेर बसवायला पिवळं आहे, सामन्याबाहेर काढायला लाल आहे. पण ज्या पंचाला सामना संपल्यावर त्याच वाडीतून घरी जायचं आहे तो ती खिशातून काढणार कशी? त्याला दोष देता येत नाही. त्याला त्या जागी बसवणाऱ्यांनी विचार करायला हवा. आणि पाचवं, बक्षिसांत एकाची भर घाला. उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड असतेच. सगळ्यात कमी रिकाम्या चढाया करणाऱ्या संघालाही माईकवरून बोलावून सन्मान द्या, मग तो संघ हरलेला का असेना. पोरं ज्याचं कौतुक होतं तेच करतात.

प्रेक्षकांनाही दोन शब्द. आपला राग खरा आहे, पण त्या रात्री तो चुकीच्या माणसावर गेला. शेवटच्या तिसऱ्या चढाईत पकडला गेलेला पोरगा एकोणीस-वीस वर्षांचा असेल. सगळा सामना मोठ्यांनी सांगितलं तसं तो खेळला आणि शेवटी ज्या चढाईत जाणं भागच होतं, तीच त्याच्या वाट्याला आली. दोरीला चिकटून उभ्या असलेल्या माणसांनी त्याला जे ऐकवलं ते कुठल्याही आईने ऐकू नये असं होतं. ती ऐकत होती, माझ्यापासून चार हातांवर. पुढच्या वर्षी तो पोरगा आणखी घाबरून खेळेल, आणि आपण पुन्हा म्हणू की पोरांत दम राहिला नाही. भीती आपणच पेरतो, मग खेळ उगवला नाही म्हणून ओरडतो.

गावच्या कबड्डीला तिकीट नसतं. इथला प्रेक्षक वर्गणी देतो, मैदान चोपतो, पाहुण्यांना जेवायला घालतो, त्याचाच मुलगा आत खेळतो. म्हणजे इथे प्रेक्षकच यजमान आहे. प्रो कबड्डीने २०२५ च्या बाराव्या हंगामात साखळी सामन्यांतही बरोबरी ठेवायची नाही असं ठरवलं आणि आपण ते टीव्हीवर पाहिलं. तिथे आपल्याला कुणी विचारत नाही. इथे मात्र आपण म्हटलं तर पुढच्या हंगामापासून बदल होऊ शकतो, कुणाची परवानगी न मागता.

१५ जुलैला कबड्डीमहर्षी बुवा साळवी यांची जयंती. महाराष्ट्रात हा कबड्डी दिन. ज्या माणसाने हा मातीतला खेळ आशियाभर नेण्यासाठी आयुष्य वेचलं, त्याच्या तसबिरीला हार घालून, नारळ फोडून आपण मोकळे होतो. त्या दिवसांत आपल्याकडे लावणी चालू असते, मैदानं चिखलात असतात, सामने नसतात. यंदा त्या दिवशी संध्याकाळी खाडीच्या दोन्ही तीरांवरच्या मंडळांनी एकत्र बसावं. जिल्हा संघटनेच्या एखाद्या जाणत्या पंचाला बोलवावं. नियमांचा कागद वाचावा, भांडण करायचं ते तेव्हाच करून घ्यावं आणि सह्या कराव्यात. मग येत्या हंगामात पोरांना गोलात उभं केल्यावर त्यांच्या कप्तानाने सांगावं: जा, गुण घ्या, पकडले गेलात तरी गाव तुमच्या मागे आहे. एवढं झालं तर सामना कुणीही जिंको, त्या आजीला ओरडावं लागणार नाही.